रणगाड्याची बदली

एका नियमपुस्तकातला योद्धा दुसऱ्या नियमपुस्तकात नेणं म्हणजे काय मोठंसं! मी कचेरीत अकरा हजार जुन्या फायली नव्या पद्धतीत आणल्या आहेत, आणि त्यातल्या फक्त चारशेच हरवल्या. एका योद्ध्याचा कागद म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी धाकट्या बहिणीला सांगितलं. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली. तिचं ‘बरं’ मला लहानपणापासून आवडत नाही.

कॉलेजात असताना ती, मी आणि आता दातांचा डॉक्टर झालेला आमचा मित्र, असे तिघे मिळून फाशांचा एक खेळ खेळायचो. प्रत्येकाने एक पात्र रचायचं, त्याचं बळ, चिलखत आणि अक्कल कागदावर आकड्यांत मांडायची. गोष्ट मी सांगायची आणि कोण जगलं, कोण मेलं हे फाशांनी ठरवायचं. आमच्या माळ्यावर असे कितीतरी रविवार गेले. अभ्यास बुडाला, पण तीन राज्यं वाचली. तसं सुख पुन्हा मिळालं नाही, खोटं कशाला बोलू?

डॉक्टर तेव्हा इतका किडकिडीत, की पंखा लावताना आम्ही त्याला विचारून लावायचो. त्याच्या योद्ध्याचं नाव मात्र रणगाडा. पुढे परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या, लग्नं झाली, आणि रणगाडा एका पुलाच्या अलीकडे जो उभा राहिला तो छत्तीस वर्षं तिथेच.

आता बायको गेल्यावर डॉक्टर दवाखाना बंद करून दुसऱ्या शहरात मुलीकडे निघाला होता. सोमवारी सामानाचा ट्रक यायचा होता. जायच्या आधी रणगाड्याला तेवढा पूल ओलांडू दे, एवढंच त्याचं मागणं होतं. जुनं नियमपुस्तक वाळवीने कधीच संपवलं होतं. बहिणीने बाजारातून नवं, उशीएवढं जाड पुस्तक आणलं. मी शनिवारी बसलो आणि आकडे इकडचे तिकडे उतरवून तासाभरात मोकळा झालो.

रविवारी रिकाम्या दवाखान्यात जमलो. रुग्णांची खुर्ची तेवढी बांधायची राहिली होती, तिच्यात डॉक्टर ऐटीत बसला. मी आणि बहीण खोक्यांवर. पुलावर मी एक म्हातारा पहारेकरी उभा केला, उगाच आपला शोभेला. त्याने काठी उगारली. मी फासा टाकला. काठी लागली, रणगाडा कठड्यावरून खाली गेला आणि मेला!

डॉक्टरने चष्मा काढून पुसला. बहिणीने माझ्या हातातला कागद ओढून घेतला.

“दादा, चिलखत दोन?”

“जुन्या कागदावर दोनच होतं.”

“जुन्या नियमांत आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम. नव्यात उलटं आहे. तू त्याला बनियनवर लढायला पाठवलंस.”

मला घाम फुटला. म्हटलं, चूक माझी, आकडा बदलू, पुन्हा खेळू, मेला हे विसरून जाऊ. पण डॉक्टर ऐकेना. मेलेला परत उठवायचा नाही, हा आमचा पहिला नियम होता, आणि तो मीच केलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

मग त्याने कोरा कागद मागितला. म्हणाला, “नवा करतो. पण एका दिवसात नाही व्हायचा.” आणि फोन घेऊन बाहेर गेला.

सोमवारी मी कचेरीत असताना त्याच्या मुलीचा फोन आला. आवाज अगदी हळवा.

“काका, बाबांनी ट्रक महिनाभर पुढे ढकललाय. म्हणाले, जवळचं कुणी गेलं. मला त्यांना जास्त विचारवेना. कोण गेलं हो?”

“आमचा कॉलेजातला सोबती. पुलावरून पडला.”

“अरेरे. वय काय होतं?”

“चाळीशीही गाठली नव्हती, बाळ.”

“आणि घरी कोण आहे त्यांच्या?”

“आम्हीच,” मी म्हणालो. आकडा कुणी चुकवला ते तिने विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.