भांड्यावरचं नाव

किसनमामांना पाणी द्यायचं म्हणजे आधी फरशी पुसायचं फडकं हाताशी ठेवावं लागतं. तांब्या हातात आला की हा माणूस घोट घ्यायच्या आधी तो तिरपा करतो, त्याच्या गळ्याखाली अंगठा फिरवतो आणि चष्मा पुसून नाव शोधतो. अर्धं पाणी त्यांच्या धोतरावर, अर्धं माझ्या फरशीवर. "मामा, अहो तहान लागलीय ना?" म्हटलं तर म्हणणार, "तहान कुठं पळून जाती व्हय? आधी सबूत बघू द्या."

मामा आमच्या समोरच राहतात. लातूरच्या डाळमिलमध्ये पोती उचलता उचलता मुकादम झाले आणि गुडघे गेले तेव्हा घरी बसले. बसले कसले, उलट जास्तच हिंडायला लागले! घराण्याचं मूळ हुडकायचं वेड लागलं. रेणापूरच्या तहसिलीत खेटे घातले, निजामाच्या वेळचे उर्दू कागद इब्राहिमभाईंकडून वाचून घेतले. हे इब्राहिमभाई बाजारात भांड्यांवर नावं टाकून देतात. लोक वंशावळ काढतात ती वर कुठंतरी सरदार सापडेल या आशेनं. मामांच्या घराण्यात जितकं वर जावं तितके सालगडीच. तरी मामांची छाती फुगलेली. "येक बी आळशी न्हाई घावला, ताई! सबूत हाय!"

कागद संपले तसे ते भांड्यांकडे वळले. "कागदात निस्ते गडी असत्यात. बाया हुडकायच्या तर मांडणी बघावी," हे त्यांचं म्हणणं. तसं खोटं नाही ते. लग्नातल्या भांड्यावर मुलीचं नाव असतं, देणाऱ्याचं असतं. मामा एका वाटीवरून कोण कुणाची आत्या ते सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. तीच तर पंचाईत आहे.

आमच्याकडे सत्यनारायण होता. मामांनी प्रसादाची परात उचलली, शिरा एका बाजूला सारला आणि भर पाहुण्यांत जाहीर केलं, "ही परात तुमची न्हाई. शेजारच्या विमलबाईंची हाय." माझ्या सासूबाईंनी ती परात कधीची दडपून ठेवलेली, आणि विमलबाई समोरच बसलेल्या! पुढं कितीतरी दिवस सासूबाईंनी मामांना चहा म्हणून विचारला नाही.

माझीही त्यांनी गय केली नाही. एका डब्याच्या झाकणावर त्यांना ‘चि. सौ. कां. शकुंतला’ दिसली.

"ही कोण?"

"मीच. लग्नात सासरच्यांनी सुनीता ठेवलं."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीभर शकूताई. आमचे हे वैतागले. मलाही राग यायला हवा होता, पण आला नाही. आईबाप गेल्यापासून त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती.

यंदा माझ्या लेकीचं, पूजाचं लग्न ठरलं. नवी भांडी आणून ठेवली होती, नावं अजून टाकायची होती. मामा आले आणि एकेक भांडं हातात घेऊन अंगठा फिरवत बसले.

"अहो मामा, कोरी आहेत ती! काय हुडकताय?" मी खेकसलेच.

"माय हुडकायलोय," ते म्हणाले.

मी हातातलं काम ठेवलं.

"मी साळंत बी जात नव्हतो तवा ती गेली. तिच्या तांब्यावर तिचं माहेरचं नाव व्हतं. मला वाचाया येत नव्हतं, निस्तं बोट फिरवायचो. खरखर लागायची. ती अजून बोटाला ठाव हाय."

"मग तो तांब्या?"

"स्टीलचं वारं आलं. बापानं दुसरी केली, त्या धाकट्या मायनं सगळं पितळ मोडीत घातलं. तिला तरी काय बोलावं, लई जीव लावला तिनं. पर मी अक्षरं शिकलो तवर तांब्या गेलता."

"वडिलांना विचारायचं."

"बाप ‘अगं’ म्हणायचा. गाव ‘किसनची माय’ म्हणायचं. ती किनवटकडची, इतकंच ठाव. तिकडं बी जाऊन आलो. मोडीतलं सगळंच वितळत न्हाई, ताई. येखादं भांडं ऱ्हातंय कुणाच्या तरी घरात." मग हातातली कोरी वाटी खाली ठेवून म्हणाले, "वर चढत चढत खापरपणजा गाठला बघा. माय तेवढी न्हाई घावली."

मी उठून त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, आणि फडकं.

लग्नात मामांनी पूजाला पितळेचा तांब्या दिला. "नाव बदलू दिऊ नको, पोरी," म्हणाले. ती म्हणाली, "मामा, मी कशाला बदलतेय!" मामा खूश होऊन जेवायला बसले आणि सगळ्यात आधी वाटी उलटी करून नाव बघितलं.

पाठवणीच्या आधी मी भांडी बांधत होते. तो तांब्या हाताला लागला. इब्राहिमभाईंनी मशीन बाजूला ठेवून छिन्नीनं एकेक अक्षर ठोकलं होतं. ‘चि. सौ. कां. पूजा हिस सप्रेम भेट.’ खाली देणाऱ्याचं नाव. तिथं किसनमामांचं असेल म्हणून मी वाचलं.

‘किसनच्या मायकडून.’

सकाळपासून धरून ठेवलेलं रडू तिथंच फुटलं. पूजा धावत आली. "आई, अगं मी अजून गेलेसुद्धा नाही आणि तू आत्ताच काय रडतेस?"

मी तांब्या तिच्या हातात दिला.

"अंगठा फिरव," म्हटलं.