शून्य युनिटांची बचत

नेपाळमधल्या पाल्पा जिल्ह्यातल्या आमच्या डोंगरउतारावर दिलसरा दिदींच्या महिला गटाचे टोमॅटो ठिबकवर पिकतात. झऱ्याचे पाणी दगडी ओट्यावरच्या ड्रममध्ये येते आणि तिथून, कोणाचीही मंजुरी न घेता, स्वतःच्या वजनाने रोपांपर्यंत उतरते. वीज शून्य. नळ्या मात्र उन्हाने तडकल्या होत्या; नव्या मिळाल्या नाहीत तर दशैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, बाजाराआधीच पीक जाणार होते.

सुदैवाने आमच्या कार्यालयाकडे ‘अल्पदाब ऊर्जाबचत योजना’ होती. दुर्दैवाने तिचा अभियंता मी होतो.

अर्जात एक रकाना होता : बचतीची टक्केवारी. आधीची वीज शून्य, नंतरचीही शून्य. शून्याला शून्याने भागताच संगणक स्तब्ध झाला. फार दिवसांनी कोणीतरी मला समजून घेतल्यासारखे वाटले.

“दिदी, तुम्ही आधी वीज वापरायला हवी होती.”

“लागलीच नाही, सर.”

“तीच अडचण आहे. न लागणारी वस्तू वाचवता येत नाही. असं करा, महिनाभर मोटर लावा, मग बंद करा. शंभर टक्के बचत!”

ताप आलेल्या माणसाकडे पाहावे, तसे दिदींनी माझ्याकडे पाहिले. “शिकलात कुठे, बाबू?”

“काठमांडूला.”

“तरीच. आमच्या शाळेत एवढं शिकवत नाहीत.”

तरीही गटाने ड्रमखाली मोटर बसवली. नळ्यांसाठी दुसरे दार नव्हते. पहिल्याच दिवशी तिच्या जोराने निम्म्या नळ्या फुटल्या. मी ‘मूळ स्थिती समाधानकारक’ अशी नोंद केली. महिन्याने मोटर थांबली आणि प्रस्ताव मंजूर झाला. नव्या नळ्या आल्या : जाड, देखण्या आणि नियमानुसार मोटरच्या दाबाला साजेशा. ड्रमच्या पाण्याने त्यांतून थेंबही पडेना. उरलेली रोपे माना टाकू लागली.

“आता, सर?”

“मोटर सुरू करा,” मी म्हणालो. “तात्पुरती.”

दिदींनी बटण दाबले. “आपल्या पायांनी उतरणाऱ्या पाण्याला तुम्ही डोलीत बसवलंत. आणि खांदा आम्ही द्यायचा!”

निम्मे टोमॅटो वाचले. मोटर अजून तात्पुरती चालू आहे. शंभर टक्के बचतीबद्दल माझा सत्कार झाला आणि योजना आता सर्वत्र राबवायचे ठरले आहे. आपल्या घरी वा गावी एखादी गोष्ट फुकट आणि बिनतक्रार चालत असेल, तर कृपया कळवावे. सुशिक्षितांचे अर्ज आधी घेतले जातील. त्यांना पटवावे लागत नाही.