काकूंनी निवडलेला चाकू

आमच्या शेजारच्या दमयंतीकाकू कुणाच्याही घरी कापलेलं फळ खात नाहीत. पुढ्यात पेरूच्या फोडींची बशी आली की ती हळूच शेजारच्या माणसाकडे सरकवतात, टोपलीतला एक अख्खा पेरू उचलतात आणि कमरेच्या बटव्यातून घडीचा चाकू काढतात. टक् असा आवाज होतो आणि बोलणारी माणसं थांबतात. मग काकू ज्या फोडी करतात त्या इतक्या पातळ, की उजेडाकडे धरल्या तर पलीकडचं माणूस दिसावं. हे मी पहिल्यांदा पाहिलं ते एका साखरपुड्यात. नवरीची आई बशी हातात घेऊन अवघडून उभी होती आणि नवरा मुलगा नवरीकडे बघायचं सोडून काकूंच्या बोटांकडे बघत होता.

मी मूळचा पिंपळगाव राजाचा. सोनाळ्याच्या शाळेत बदली झाली तेव्हा काकूंच्या घराला लागूनच खोली मिळाली. काकू निवृत्त नर्सबाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्या त्यांनी उभ्या नोकरीत पायी पालथ्या घातल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो. नोकरी संपली तरी बोलण्यातला हुकूम निवृत्त झालेला नाही. कुणी घाई केली की त्या एकच शब्द उच्चारतात, ‘सबूर.’ दूधवाल्याला, कंडक्टरला, आणि एकदा तर गावात आलेल्या एका बड्या साहेबालाही.

एका दुपारी मी ओट्यावर बसून संत्रं दातानं सोलत होतो. काकू कुंपणापलीकडून बराच वेळ बघत राहिल्या.

“मास्तर, वय काय तुमचं?”

मी म्हणालो, चौतीस.

“अन चाकू नाही?”

या वयात लग्न नाही का, असं लोक ज्या सुरात विचारतात त्याच सुरात त्यांनी हे विचारलं. मला खरोखर शरम वाटली.

पुढच्या आठवडी बाजारात त्या मला घेऊन निघाल्या. पोत्यावर विळे, खुरपी आणि घडीचे चाकू मांडून बसलेला एक म्हातारा लोहार होता. काकूंना येताना पाहून तो जरा सावरून बसला. काकूंनी एकेक चाकू कानाजवळ धरून उघडायला आणि मिटायला सुरुवात केली. एकाचा आवाज पोचट, दुसऱ्याचं पातं हलतं, तिसऱ्याच्या पाठीतली कमान, म्हणजे स्प्रिंग, इतकी कडक की उघडताना नख मोडेल. नऊ चाकू बाजूला पडले. लोहारानं विचारलं, नर्सबाई, चाकू घेता का सून पाहता? काकू म्हणाल्या, सबूर. शेवटी त्यानं मागची पत्र्याची डबी उघडली आणि त्यातून शिसवी मुठीचा, तीन बोटं पात्याचा एक चाकू काढला. काकूंनी तो दोनदा उघडला, दोनदा मिटला आणि माझ्या हातात दिला.

त्याला खटका नव्हता. उघडलेलं पातं अडकवून ठेवणारं काहीच नाही, नुसती ती कमान त्याला धरून ठेवते. जरा भलत्या बाजूनं जोर पडला की पातं मिटतं. मी म्हणालो, खटक्याचा घेतला तर बरं नाही का पडणार?

“खटक्याचा चाकू माणसाले बेफिकीर करते,” काकू म्हणाल्या. “याले खटका नाही, म्हणून ध्यान ठेवा लागते. ध्यान ठेवाची सवय लागली पाह्यजे.”

माझं ध्यान चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी कापताना पातं मिटलं ते माझ्या बोटावरच. काकूंनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मला एका शब्दानंही रागावल्या नाहीत. रागावल्या त्या नंतर. संत्र्याच्या रसानं पातं काळंनिळं पडलं होतं, ते मी राखेनं घासून चकचकीत केलं होतं. तो मळ नव्हे, असं त्यांनी मला बजावलं. साध्या पोलादाला कामाचा रंग चढतो, तो घासून काढायचा म्हणजे पुन्हा पहिलीत बसायचं. त्यांचं स्वतःचं पातं पावसाळी आभाळासारखं करडं होतं. पहिल्या पोस्टिंगला घेतलेला तो चाकू. दवाखान्याची कात्री वेगळी आणि हा वेगळा, दोन्हींची कामं त्यांनी कधी मिसळू दिली नाहीत.

मग ती संग्रामपूरची दुपार आली. आम्ही दोघं काम आटोपून रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत होतो. समोरून एक मोटारसायकल गेली, मागे कॉलेजातली वाटावी अशी मुलगी. तिची ओढणी चाकात गेलेली मला दिसली, पण ओरडायच्या आत गाडी आडवी झाली होती. चाकात गुंडाळलेली ओढणी तिच्या गळ्याला करकचून आवळली होती. माणसं धावली. कुणी चाक उलटं फिरवू लागलं, कुणी ओढणी ओढू लागलं, तसतसा फास आणखीच बसत गेला. मुलीचा चेहरा काळसर व्हायला लागला होता.

चाकू माझ्या खिशात होता. मी तो काढलाही. पातं उघडायची खाच नखाला सापडेना. तीनदा नख निसटलं.

काकू कधी खाली बसल्या ते मला कळलं नाही. “कोनी ओढू नका,” एवढंच त्या म्हणाल्या आणि सगळे हात थांबले. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी गळा आणि कापडाच्या मध्ये सरकवली, त्या बोटांवरून पातं आत घातलं, धार बाहेरच्या बाजूला. एक हिसका. ओढणी तुटली. त्यांनी मुलीला कुशीवर वळवलं, आणि तिनं घेतलेला पहिला श्वास इतका मोठा होता की तो रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल. तिच्या गळ्यावर लाल वळ होता. चाकूचा ओरखडासुद्धा नव्हता.

मुलीला दवाखान्यात पोचवून, डॉक्टर ठीक आहे म्हणेपर्यंत थांबून आम्ही परतलो. आपल्या फाटकाशी आल्यावर काकू थांबल्या.

“मास्तर, तुमचा चाकू कुठं होता?”

“हातात.”

“उघडला नाही?”

“नाही उघडला.”

“रविवारी या,” त्या म्हणाल्या. “धारही पाहू.”

तेव्हापासून रविवार ठरला. विहारातून वंदना करून काकू आल्या की मी चाकू घेऊन जातो. आधी डोळे मिटून तो वीस वेळा उघडायचा. मग त्या अंगठा धारेवर आडवा फिरवून म्हणतात, “धार गेली,” आणि दगडावर पाणी शिंपडतात. धार लागेपर्यंत त्या सांगत राहतात: पुरात अडकलेलं बाळंतपण, पायात काटा मोडलेली बकरी, यजमानांनी केलेला तिखटजाळ पिठल्याचा एकुलता एक प्रयोग. मग पोहे, मग चहा. उठेपर्यंत दुपार होते.

मध्ये परीक्षा आल्या. पेपर तपासण्यात तो आठवडा असा गेला, की चाकू मी टेबलाच्या खणातून काढलाच नाही. रविवारी नेला तो तसाच, मागच्या रविवारी काकूंनीच धार लावून दिलेला. त्यांनी अंगठा फिरवला.

“धार गेली,” त्या म्हणाल्या.

मी सांगणार होतो. पण त्यांच्यामागे ओट्यावर पोह्यांच्या दोन बश्या झाकून ठेवलेल्या दिसल्या. दगड आधीच ओला होता.

“हो काकू,” मी म्हणालो, “लय बोथट झाला.”

त्या सरकून बसल्या आणि मला जागा करून दिली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी घासून घासून माझ्या चाकूचं पातं बरंच अरुंद झालं आहे. आणखी वर्षभर टिकेल. मग दुसरा घ्यावा लागेल, चांगल्या रुंद पात्याचा, पुष्कळ रविवार झिजेल असा.