हौसाबाईंची गच्ची आणि बंटीचा बलून

गच्चीची किल्ली हौसाबाईंच्या कमरेला होती, आणि सगळा लोच्या तिथूनच सुरू झाला.

शहाडची स्नेहवर्धिनी सोसायटी लांबून बघितली तर वाटायचं, ही बिल्डिंग नाही, बिल्डिंगचं सुकट आहे. प्लास्टर सुटलेलं, सळ्या बाहेर आलेल्या, आणि तिसऱ्या मजल्याच्या पाइपात उगवलेला पिंपळ एवढा माजलेला की एका सोमवारी कोणीतरी त्याच्याखाली दिवासुद्धा लावून गेलं होतं. अशी बिल्डिंग उद्या पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. फक्त ते कागदावर यायचं बाकी होतं आणि त्यासाठी सेक्रेटरी उत्तमचा जीव टांगणीला लागला होता.

कारण त्याच्या मुलाचं, विनीतचं, लग्न ठरलं होतं. घर म्हणजे एक खोली आणि एक किचन. मुलीकडच्यांनी चहा पिता पिता विचारलं, "नवरानवरी झोपणार कुठे?" उत्तमने छाती फुगवून सांगितलं, "नवी बिल्डिंग येतेय हो, बेडरूम आहे वेगळी." बिल्डर खरोखरच तयार होता, पण त्याची अट होती. बिल्डिंग धोकादायक ठरली तर त्याला जास्तीचे मजले मिळणार होते. नाही ठरली, तर राम राम.

"गच्चीचा स्लॅब बघितल्याशिवाय मी रिपोर्ट लिहिणार नाही," इंजिनीअर धनेशने सांगून टाकलं.

आणि गच्ची हौसाबाईंची होती. म्हणजे सोसायटीचीच, पण त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, आणि पाण्याची टाकी साफ करायला म्हणून घेतलेली किल्ली त्यांनी परत दिलीच नव्हती. कुरडया, सांडगे, गोधड्या, सगळा संसार वर. अर्धी सोसायटी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती, म्हणजे नव्या बिल्डिंगीला लागणाऱ्या सह्याही त्यांच्यापाशीच अडलेल्या.

"मावशी, पाच मिनिटं उघडा, धनेशसाहेब नुसते बघून येतील," उत्तम गयावया करायचा.

"का? माझ्या कुरडया कधी बघितल्या न्हाईत त्यांनी? नव्या बिल्डिंगीत गच्ची बिल्डरची. मी काय लिफ्टात कुरडया वाळवू व्हय रं उत्तम्या?"

दार धाडकन बंद.

तेव्हा उत्तमला भाचा आठवला. बंटीचं आतापर्यंत वडापावची गाडी, जिम आणि पाळीव पोपटांचं दुकान एवढं बुडवून झालं होतं. आता तो बाहेरून कसलासा कोर्स करून, एक सेकंडहॅंड बलून घेऊन आला होता. नदीपलीकडच्या मैदानातून उडायचं आणि जाहिरात अशी, की वाचूनच माणसाला घाम फुटावा: 'सूर्योदयाच्या साक्षीने प्राचीन अवशेषांवरून स्वर्गीय सफर!' अवशेष म्हणजे नदीकाठचं एक पडकं देऊळ. त्याचे चार खांब उभे होते, बाकीचे लोकांनी कधीच धुणं धुवायला नेले होते.

"बंटी, हा बलून वळवता येतो का?"

"नाय मामा. वारा नेईल तिकडे जायचं. नुसतं वर-खाली आपल्या हातात."

उत्तमचं गाव कोकणात. वाऱ्याचं त्याला बरोबर माहीत होतं. थंडीत पहाटे मतलई सुटते, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे मैदान, मग देऊळ, आणि मग सरळ रेषेत स्नेहवर्धिनी. किल्लीची गरजच काय? वरून फोटो काढायचे, धनेशला डोळ्यांनी तडे दाखवायचे, काम खल्लास!

"नाष्ट्याला येतो," असं बायकोला, शकूला, सांगून तो अंधारातच निघाला.

टोपलीत चौघं होते. बंटी, उत्तम, टोपलीची कड दोन्ही हातांनी आवळून धरलेला धनेश आणि एकुलतं एक खरं गिऱ्हाईक, टेंभी नाक्याची मृणाल. ही इतिहासाची प्राध्यापिका. गळ्यात हे एवढं भिंग लावलेला कॅमेरा. बंटीने बर्नर खेचला, डोक्यावर भस्सकन जाळ झाला आणि जमीन हळूच पायाखालून सरकली. धनेशने डोळे मिटले ते मिटलेच.

वर गेल्यावर घोळ लक्षात आला. नदीवर धुकं. धुकं म्हणजे कसलं, कोणीतरी खाली कापूस पिंजून ठेवल्यासारखं. नदी नाही, देऊळ नाही, चार खांब नाहीत.

"अहो, अवशेष कुठे आहेत?" मृणालने विचारलं.

"येतील मॅडम."

"येतील म्हणजे? ते काय बस आहेत का?"

बंटी घामाघूम झाला. त्याच्या धंद्यातलं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि ती रागावली तर पोपटांसारखा हाही धंदा उडणार. तेवढ्यात धुकं संपलं, आणि समोर आली स्नेहवर्धिनी. उगवतीचा लाल उजेड अंगावर पडलेला, प्लास्टर उडालेलं, पिंपळ सळसळतोय. बंटीने हात लांब केला.

"हे बघा मॅडम! अवशेष!"

"अरे..." उत्तमचं तोंड उघडंच राहिलं.

"बापरे!" मृणालने कॅमेरा डोळ्याला लावला. "किती भग्न! कोणत्या काळातले?"

"पांडवांच्या. एका रात्रीत बांधलं."

"शक्यच नाही."

"अहो, आत राहून बघा, एका रात्रीतच बांधल्यासारखं वाटतं."

"पण तिथे दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी दात घासतंय!"

"राखणदार आहेत," बंटी म्हणाला.

उत्तमला आधी संताप आला. मालमत्ता कर भरतो आपण, आणि हा भाचा आपल्या घराला अवशेष म्हणतो! मग त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली. एक शिकलेली बाई, प्राध्यापिका, नुसती लांबून बघून 'किती भग्न' म्हणाली. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

"बंटी, खाली घे. धनेशसाहेब, उघडा डोळे, तडे बघा!"

"मला इथून काही दिसत नाही," धनेश डोळे मिटूनच म्हणाला.

"अजून खाली घे!"

"मामा, हा बलून आहे, रिक्षा नाय. 'इथंच साइडला घे' काय बोलतो?"

पण मामाचा हट्ट. बंटीने दोरी ओढून वरची हवा सोडली. बलून डुलत डुलत गच्चीच्या एवढा जवळ आला की कुरडयांचे वेढे मोजता आले असते. उत्तम फोन घेऊन कमरेपर्यंत बाहेर वाकला. पायाशी दोराचं वेटोळं होतं. त्याचा पाय लागला आणि दोर सुळ्ळकन बाहेर जाऊन थेट गच्चीवर पडला.

गच्चीवर हौसाबाई उभ्या होत्या, हातात गोधडी. त्यांनी वर बघितलं. बलूनला बघून दुसरी कोणी बाई किंचाळली असती. हौसाबाईंनी आधी उत्तमला बघितलं, मग त्याच्या हातातला फोन बघितला.

"उत्तम्या! मेल्या! किल्ली दिली न्हाई तर आभाळातनं आलास?"

गोधडी टाकली, दोर उचलला, आणि गच्चीच्या कोपऱ्यात पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या गंजक्या सळ्या होत्या, त्यांना म्हैस बांधावी तसा गच्च बांधून टाकला.

"आता पळून दाखव!"

बलूनला हिसका बसला आणि टोपली धप्पकन गच्चीवर बसली. थेट सांडग्यांवर.

मग हौसाबाईंनी जे केलं ते गेल्या कैक वर्षांत झालं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने गच्चीचं दार उघडलं आणि जिन्यात ओरडल्या, "या गं समद्या! सेक्रेटरी फुग्यातनं चोऱ्या करतोय, या बघायला!"

अख्खी स्नेहवर्धिनी वर आली. कोणी टॉवेलवर, कोणी ब्रश तोंडात धरून. समोरच्या बिल्डिंगची माणसं सेल्फी काढायला आली. रिक्षा स्टॅंड आलं. कोणीतरी जाळ बघून अग्निशमनला फोन केला होता, तर ते जवानही जाडजूड बूट वाजवत, पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन वर आले. गच्चीवर मुंगीला जागा नव्हती. शकू गर्दी कापत आली.

"नाष्ट्याला येतो म्हणालात ते असं?"

उत्तम तिच्याकडे लक्ष देईना. त्याचे डोळे स्लॅबवर. एवढं वजन! आता तरी पडेल. पडू दे देवा, असं तो मनात म्हणाला, आणि मग त्याला आठवलं की आपणही वरच उभे आहोत. 'पडू दे, पण आम्ही सगळे उतरल्यावर,' अशी त्याने देवाला दुरुस्ती सुचवली.

मृणाल उतरली आणि जिन्याच्या भिंतीवरच्या पुसट अक्षरांचे फोटो काढायला लागली. बराच वेळ निरखून तिने वाचलं, "'येथे... थुं... कू... नये.' बंटी! पैसे परत!" बंटी उडी मारून तिच्यामागे पळाला. धनेश रांगत बाहेर आला आणि स्लॅबला हात लावून नमस्कार केला. टोपलीत राहिला एकटा उत्तम.

"तो फोन आण इकडं!" हौसाबाई पदर खोचून टोपलीत चढल्या.

"मावशी, हात लावायचा नाही, सोसायटीचं काम आहे!"

"सोसायटी गेली तेल लावत, माझ्या सांडग्यांचं काय?"

झोंबाझोंबी झाली. उत्तमचा तोल गेला, त्याने आधाराला वरची दांडी धरली. दांडी नव्हती ती. बर्नरचं हॅंडल होतं.

भस्सऽऽ!

आधीच तीन माणसं उतरून टोपली हलकी झालेली, त्यात हा जाळ. कोणी 'अरे अरे' म्हणेपर्यंत सेक्रेटरी आणि विरोधी पक्ष दोघं आकाशात होते. दोर ताणला, सळ्या कुरकुरल्या, आणि बलून वर थांबला. खालून बंटी बोंबलत होता, "मामा, हॅंडल सोड! सोड म्हणतो ना!"

उत्तमने सोडलं. सगळं शांत झालं. हौसाबाईंनी त्याची कॉलर घट्ट धरली होती आणि खंडोबाचं नाव घेत होत्या. मग त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

धुकं विरलं होतं. पूर्वेच्या डोंगरांवरून सूर्य चांगला वर आलेला, आणि खाली काहीतरी लांबलचक वळत वळत खाडीकडे गेलेलं, नुसतं चकाकत होतं.

"ते काय रं?"

"उल्हास नदी, मावशी."

"अगं बाई. मला वाटायचं आपल्याकडं तिचा नुसता वासच येतो."

त्यांनी कॉलर सोडली. पदर सारखा केला. पस्तीस वर्षं त्या बाईने गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगच्या संडासाच्या खिडक्या बघितल्या होत्या.

"उत्तम, नव्या बिल्डिंगीत एवढं उंच मिळंल का रं?"

आज पहिल्यांदा उत्तम्याचा उत्तम झाला होता. "याच्याही वर मावशी. बाल्कनी आहे. कुरडया वाळतील."

"मग सही कुठं करायची सांग. माझी झाली की सगळ्यांची झाली समज."

उत्तमला टोपलीतच नाचावंसं वाटलं. विनीतची बेडरूम, दाराला कडी, आत पंखा, सगळं त्याला त्या सोनेरी उजेडात दिसलं. फुग्यातली हवा थंड झाली, खालून सगळ्या सोसायटीने "हेऽऽ होऽऽ" करत दोर ओढला, आणि दोघं खाली आले. हौसाबाईंनी उतरल्याबरोबर जाहीर केलं, "आपली संमती हाय. बिल्डरला बोलवा."

टाळ्या पडल्या. उत्तमने धनेशचे दोन्ही हात धरले. "साहेब, आता सगळे राजी आहेत. लिहून टाका रिपोर्ट!"

धनेश वेगळ्याच धुंदीत होता. आतापर्यंत त्याने स्लॅब ठोकून, वाकून, झोपून बघितला होता. जिन्यातून खाली जाऊन सीलिंगही बघून आला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"उत्तमराव, काय बिल्डिंग आहे हो!"

"म्हणजे?"

"अहो, याला लोड टेस्ट म्हणतात! लोक वाळूच्या गोणी भरून ठेवतात स्लॅबवर. तुम्ही तर माणसं ठेवलीत, अग्निशमन ठेवलंत, टाकी भरलेली, वरून बलून आदळवलात. एक केसाएवढा तडा वाढला नाही. आणि त्या सळ्या! तुम्हाला दोघांना ओढून धरलं त्यांनी. आतून लोखंड आहे लोखंड. बाहेरचं प्लास्टर तेवढं करून घ्या."

"पण साहेब... धोकादायक?"

"छे! आपल्यानंतर पण उभी राहील. मी तसं लिहून देतो ना, काळजी करू नका."

संध्याकाळी बिल्डरचा फोन आला. अभिनंदन म्हणाला, आणि राम राम.

उत्तम गच्चीवर गेला. दार सकाळपासून उघडंच होतं. हौसाबाई फुटलेले सांडगे वेचत बसल्या होत्या. त्याने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नदीच्या दिशेला बघितलं. तिकडे समोरच्यांच्या संडासाच्या खिडक्या होत्या.

"मग आता रं?"

उत्तम गच्चीच्या मध्यावर गेला, चप्पल काढली आणि दोन्ही पायांनी धाडकन उडी मारली. परत मारली. परत.

"येडा झालास का? खाली माझं घर हाय!"

"माहितीय, मावशी."

हौसाबाई जरा वेळ बघत राहिल्या. मग सांडग्यांची पाटी बाजूला ठेवली, पदर खोचला, आणि त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघांनी मिळून उडी मारली. धाड! स्लॅब ढिम्म. परत धाड! वाळूचा कण हलेना. तिसऱ्या उडीला मात्र खाली टेकताना 'कट्ट' असा स्पष्ट आवाज आला, आणि हौसाबाईंचा चेहरा उजळला.

"गेला का रं तडा?"

"नाही मावशी," उत्तम खाली बसत कळवळला, "गुडघा."