पांडूदादांचे थांबे

आमचे दिघीचे पांडूदादा चालू गोष्ट मध्येच थांबवतात. वहिनी चहात साखर घालत असतात, दादा गरजतात, "थांब! आतापर्यंत किती पडली?" एकदा भर आरतीत भटजींनाच अडवलं, "कितवं कडवं चाललंय?" भटजींना सांगता येईना. दादा म्हणाले, "बघा! थांबवल्याबिगर चूक दिसत न्हाय."

ही विद्या संगणकाची. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना, तिथल्या टीव्हीला जोडायच्या संगणकावर दादांनी समुद्राच्या भरतीची वेळ सांगणारा प्रोग्राम लिहिला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा कोळ्यांचा जुना हिशेब. तो संगणक कधीच भंगारात गेला. पण दादांच्या लॅपटॉपवर त्याची हुबेहूब नक्कल करणारा एमुलेटर आहे. जुन्या कॅसेटवरचा प्रोग्राम त्यात भरला, की मेलेलं यंत्र उठून बसतं! मग दादा हव्या त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावतात आणि यंत्र तिथं श्वास रोखून उभं राहतं. पोटातला आकडा न् आकडा उघडा! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातच जोडले.

हा सगळा खटाटोप एका भांडणापायी. तीसेक वर्षांपूर्वी धाकट्या भावाची, हरीची, होडी खडकावर फुटली. हरी म्हणाला, "तुझ्या खोक्यानं पावणेदहा सांगितले. पाणी कुठं होतं?" दादा म्हणाले, "खोकं चुकत न्हाय. तू बोटांवर मोजलंस." तेव्हापासून हरी खाडीपलीकडे आगरदांड्याला, आणि बोलणं बंद.

परवा दादांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि तिथी ठरते त्या ओळीवर यंत्र थांबवलं. आकडा होता चौदा. म्हणजे भरती साडेदहाला! त्या पंधरवड्यात एका तिथीचा क्षय होता, म्हणजे एक तिथी गाळून पुढची आली होती. हरीनं नुसते दिवस मोजले आणि तेरावरच राहिला.

"दादा, जिंकलात!" मी नाचायचाच बाकी होतो.

दादांनी थांबलेल्या यंत्रातला चौदा खोडला, तिथं तेरा घातले आणि यंत्र पुढं सोडलं. पडद्यावर पावणेदहा उमटले. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

"अहो, हे काय करताय?"

"हरीची बायको गेली रे गेल्या महिन्यात. एकटाच हाय. तो काय माझ्याकडं यायचा न्हाय. मग कुणीतरी चुकाया पायजे ना?"

सदरा चढवून ते धक्क्याकडे निघाले. फेरीबोट सुटायला अजून अर्धा तास होता, तरी दादा पळत होते.