शहादेवनं गुडघा लपवला

डॉक्टरपुढं एकही दुखणं कबूल करायचं नाही, असं शहादेवनं केजच्या दवाखान्याला निघायच्या आदल्या दिवशीच ठरवून टाकलं. कारण सरळ होतं. त्याच्या पोरानं, युवराजनं, बजावलं होतं, "आबा, आमी नवरा-बायको ऊसतोडीला गेल्यावर घरी तुमी दोघंच. वरसातून एकदा म्हाताऱ्या मान्सांनी सगळं अंग तपासून घ्यायचं असतंय. डॉक्टर धडधाकट म्हनली तर शेरडं राखा. न्हाई तर इकून टाकतो."

शेरडं विकायची! म्हणजे मग दिवसभर घरात बसून बायकोची, सुभद्राबाईची, बोलणी खायची. (शेरडांचा मोठा गुण हा, की ती उलटून बोलत नाहीत.) नुसत्या विचारानं शहादेवला घाम फुटला.

पण त्याचा उभा जन्म जनावरांच्या बाजारात गेला होता. लंगडा बैल गिऱ्हाइकाला उभा करून दाखवायचा असतो, चालवून नाही, एवढी अक्कल त्याला होती. म्हणून त्यानं मिशा काळ्या केल्या, अंगाला तेल चोपडलं आणि डॉक्टरीणबाईंपुढं खुर्चीत ताठ बसला.

"वर्षभरात कधी पडलात का, बाबा?"

"छ्या! कावून पडू?"

"अवो, पोळ्याला गोठ्यात पडलते की!" शेजारी बसलेली सुभद्राबाई म्हणाली.

"पडलो न्हवतो. बसलो हुतो."

"आडवे?"

शहादेवनं तिच्या पायावर पाय दिला. या बाईला नेमकं दवाखान्यात येऊनच खरं बोलायचं सुचावं, याचा त्याला भयंकर संताप आला.

"गुडघे दुखतात?"

"न्हाई."

"ऐकू येतं नीट?"

"पायजे तेवढं येतं."

"बरं, आता उठा आणि दारापर्यंत चालून या बघू."

आली का पंचाईत! बाजारातलं गिऱ्हाईकसुद्धा इतकं चिकट नसतं. शहादेव दात आवळून उठला आणि चक्क पळतच दाराला हात लावून परत आला. गुडघ्यातली कळ पार टाळूला भिडली.

"डोळ्यांना पाणी येतं का हो?"

"आनंदाचं हाय."

पुढं रक्तदाब, साखर सगळं बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "बाबा, तुम्ही तर ठणठणीत! आता आजी, तुमचं सांगा."

सुभद्राबाईनं काही म्हणजे काही लपवलं नाही. कंबर सांगितली, चक्कर सांगितली, ओघात शेजारणीचा दमाही सांगून टाकला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मागं उभ्या असलेल्या युवराजला बजावलं, "यांना वाकायचं, उचलायचं काम बिलकुल द्यायचं नाही. रोज मोकळ्या हवेत सावकाश चालू दे."

"मग शेरडामागं आईच जाईल की," युवराज म्हणाला. "अन् घरातलं वाकायचं, उचलायचं..."

सगळ्यांनी शहादेवकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई काठी घेऊन शेरडांमागं निघाली आणि शहादेवच्या वाट्याला झाडलोट, शेण अन् पाण्याच्या घागरी आल्या. पहिली घागर उचलतानाच तो कळवळला, "आरं युवराज, माजा गुडघा लई दुखतोय रे!"

"तपासणी झाली की, आबा," युवराज म्हणाला. "आता पुढच्या वरसी सांगा."