एका कॅसेटमधील एकतीस झाडे

सावली गावचे धनराज लग्नांचे व्हिडिओ काढीत. २००४ साली त्यांनी ‘दिग्दर्शक’ असा रबरी शिक्का करून घेतला आणि पहिल्या व्हीसीडीच्या चित्रीकरणासाठी ते खैरबोडी या जंगलातल्या गावी गेले. गाणे मोहफुले वेचण्याचे होते. ते गाणाऱ्या मंगलीबाईंची अट एकच होती.

“माह्या मोहाखालीच काढा भाऊ, नाई त मी गात नाई. रस्तेवाल्यानं त्याच्यावर नंबर टाकला. मयन्याभरात कापतेत. टीव्हीत तरी राह्यला पाह्यजे तो.”

धनराजांनी शब्द दिला. दिवसभर मोह, मंगलीबाई आणि टोपल्या घेतलेल्या सहा बाया यांचे चित्रीकरण झाले. परतताना तपासणी नाक्यावर वनरक्षक दसरू यांनी जीप अडवली.

“मागं काय हाये?”

“कॅमेरा.”

“कॅमेऱ्यात?”

“गाणं.”

“अन् गाण्यात?”

धनराज कलावंत असल्यामुळे खरे बोलून गेले. “जंगल.”

दसरूंनी टोपी सरळ केली. जंगलातून झाड बाहेर न्यायचे तर वाहतूक पास लागतो. झाड उभे, आडवे की कॅसेटमधले, असा भेद नियमात नाही.

“साहेब, झाडं त तिथीच उभी हायेत ना!”

“मंग कॅसेटमधी कोन्ती हायेत?”

दोन पंचांसमक्ष कॅसेट लावून कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर झाडे मोजली गेली. एकतीस भरली. घेर नोंदवणे आवश्यक असल्याने दसरूंनी पडद्याला फूटपट्टी लावली. मोहाचा घेर पाऊण इंच आला.

“अरेरे, लयच कोवळं हाये,” दसरू हळहळले. “एवढ्या लहान झाडाची परवानगी भेटतच नाई, भाऊ.”

कॅसेट जप्त होऊन लाकूड आगारात सागाच्या थप्पीवर विराजमान झाली. धनराजांनी अर्ज केला. झाडांच्या मालकाचा सातबारा जोडला नाही म्हणून तो परत आला. महिन्याने ते मंगलीबाईंनाच घेऊन नाक्यावर गेले. विनवणी चालू असतानाच ओंडक्यांनी भरलेला एक ट्रक आला. दसरूंनी कागद पाहिला आणि अर्ध्या मिनिटात आडवा बांबू वर केला. सगळ्यात वरच्या ओंडक्यावरचा नंबर मंगलीबाईंनी ओळखला.

“दसरूभाऊ, हा अख्खा जाऊन राह्यला, अन् त्याचा फोटू काऊन जाऊ देत नाई?”

“बाई, याचे कागद हायेत.”

अखेर वरिष्ठांनी सहानुभूतीपूर्वक मार्ग काढला. आवाज आणि बाया हे वनोपज नव्हे. झाडे वगळून ते दोन्ही नेण्यास हरकत नाही. नागपूरच्या कॉम्प्युटरवाल्याने एकतीसही झाडे पुसली आणि बायांच्या मागे बर्फाचे पहाड, निळे तळे व लाल-पिवळी विलायती फुले बसवली. पहाडांचा पास कोणत्याच नाक्याने मागितला नाही.

धनराजांनी व्हीसीडी खैरबोडीत नेऊन दाखवली. बर्फात वाकून सात बाया मोह वेचू लागल्या.

“माहा मोह कुठी हाये, भाऊ?”

“त्या पहाडाच्या मागं हाये, बाई,” धनराज म्हणाले.

मंगलीबाईंनी मान वाकडी करून, गाणे संपेपर्यंत, पहाडाच्या मागे पाहिले.

व्हीसीडी तुफान चालली. वरोऱ्यापासून राजुऱ्यापर्यंत एक वरात तिच्यावाचून निघाली नाही. तुमच्या पुतण्याच्या लग्नातही ती लागली होती. बर्फात मोह कसा गळतो, हे तुम्ही विचारले नाहीत. त्या पहाडांकडे जायला माणशी किती रुपये लागतात, एवढे मात्र दोनदा विचारलेत.